पुढच्या डाव्या चाकाचे काका

मिरा रोडच्या कुठल्याही जुन्या सोसायटीत रविवारी सकाळी गाडीचं बॉनेट उघडावं. दुरुस्तीसाठी नव्हे, नुसतं उघडावं. पाच मिनिटांत तीन माणसं जमतात. पहिला "कूलंट बघितलंस का?" असं विचारतो आणि उत्तराची वाट न बघता दूध आणायला निघून जातो. दुसरा सांगतो की त्याच्या मेहुण्याने हीच गाडी घेतली होती आणि सहा महिन्यांत विकली. तिसरा इंजिनाकडे बघतच नाही. तो चपला सरकवून, गुडघ्यावर हात टेकून खाली वाकतो, पुढच्या डाव्या चाकाच्या आत डोकावतो आणि म्हणतो, "काल रात्री साडेनऊला गेटमधून आलास ना? तेव्हाच ऐकलं मी. लिंक रॉड."

हे आवाजकाका.

गाडीच्या मालकाने अजून कसलीच तक्रार केलेली नसते. तो बॅटरीच्या टर्मिनलवरची पांढरी बुरशी पुसायला खाली आलेला असतो. पण लिंक रॉड हा शब्द कानावर पडल्यापासून त्यालाही आवाज ऐकू येऊ लागतो, आणि तो पुढे कित्येक महिने थांबत नाही.

डावंच चाक का, याचं काकांकडे उत्तर तयार असतं. आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतो, आणि आपल्याकडे रस्ता मरतो तो कडेपासून. गटाराची खाली-वर झालेली झाकणं, उखडलेले पेव्हर ब्लॉक, साचलेल्या पाण्याखालचे खड्डे, या सगळ्यांशी पहिली गाठ पुढच्या डाव्या चाकाची. मेट्रो ९ चं काम सुरू झाल्यापासून तर मिरा-भाईंदर रस्त्यावर पत्र्याच्या कुंपणाला घासून गाडी काढायची सवय सगळ्यांनाच लागली. त्या काळात काकांची प्रॅक्टिस दुप्पट झाली.

काका एकच नाहीत. शांती नगरात एक असतात, नवघर रोडला एक, भाईंदर पश्चिमेला एक. आणि दोघे एकाच बॉनेटपाशी आले तर सभ्य माणसाने तिथून निघून जावं. बहुतेक जण गिरगाव, परळ, लालबागच्या खोल्या सोडून इकडे आलेले. तेव्हा इथे नगरपालिका होती, टँकरचं पाणी होतं आणि मिठागरांवरून वारा यायचा. महानगरपालिका झाली २८ फेब्रुवारी २००२ ला. काकांच्या मते खड्डे तिच्याहून जुने आहेत आणि त्यांना सेवाज्येष्ठता मिळायला हवी. नोकरी म्हणाल, तर कोणी कुर्ल्याला प्रीमिअर ऑटोमोबाइल्समध्ये होते, कोणी मुलुंडला गॅब्रिएलच्या शॉकअपच्या कारखान्यात, कोणी बेस्टच्या डेपोत, कोणी लोअर परळच्या रेल्वे वर्कशॉपात. काही काका आयुष्यभर विमा कार्यालयात होते, पण ते स्वतःहून तसं सांगत नाहीत.

रेल्वेवाले काका स्वतःला या घराण्यातले थोरले समजतात, आणि त्याला कारणही आहे. गाडी फलाटावर उभी असताना लांब दांड्याच्या हातोडीने एकेक चाक ठोकत जाणारा माणूस पूर्वी रेल्वेत असायचा. चाक धड असेल तर स्वच्छ घुमायचं, तडा असेल तर बद्द वाजायचं. यंत्रं आली आणि ती हातोडी गेली, पण कानाने लोखंड तपासता येतं ही श्रद्धा काकांनी जपून ठेवली आहे. फरक इतकाच की हातोडीवाला ठोकून ऐकत असे. काका न ठोकताच ऐकतात.

त्यांच्यापुढे "काका, पुढून काहीतरी वाजतंय" असं म्हणून चालत नाही.

"काहीतरी म्हणजे काय? खट् की खडखड?"

"तसंच काहीतरी..."

"दोन्ही वेगळं. खट् एकदाच होतं. खडखड म्हणजे बारीक बारीक खड्ड्यांवर सलग. आणि धप् असेल तर अजून वेगळं. वळताना आवाज येतो का? ब्रेक मारताना? गाडी थंड असताना की तासाभराने? पाऊस पडला की थांबतो का?"

तरुण मालक घाबरतो. त्याला इतके प्रश्न लग्न जमवतानाही कोणी विचारलेले नसतात. पण इथे काकांची थट्टा थांबवून त्यांच्या बाजूने बोलायला हवं, कारण निदानाचा निम्मा भाग याच प्रश्नांत आहे. बारीक उंचवट्यांवर सलग खडखड झाली तर बहुधा स्टॅबिलायझरचा लिंक रॉड, नाहीतर ब्रेक कॅलिपरच्या ढिल्या पिना. या दोघांतला फरक काका एका युक्तीने काढतात: खडखड चालू असताना ब्रेकवर नुसता पाय टेकवायचा. आवाज थांबला तर कॅलिपर. नाही थांबला तर पुढे चला. खड्ड्यात एकदाच जोरात खट् झालं तर संशय चाकाला खालून धरणाऱ्या लोअर आर्मच्या बॉल जॉइंटवर. ब्रेक मारताना किंवा गाडी निघताना धप् झालं तर लोअर आर्मचं बुश फाटलेलं. आर्म मागेपुढे सरकतो आणि लोखंड लोखंडाला भेटतं. पार्किंगमध्ये उभ्या उभ्या स्टिअरिंग वळवताना वरून टंग् असा आवाज आला, तर शॉकअपच्या माथ्यावरचं बेअरिंग अडकलंय आणि स्प्रिंग पीळ भरून झटक्याने सुटतेय. पूर्ण वळवलेल्या चाकाने हळू गोल फिरताना कट्-कट्-कट् झालं तर एक्सलचा बाहेरचा जॉइंट. चाकाच्या आतल्या कडेला ग्रीस उडालेलं दिसलं की त्याचं रबर फाटल्याचा पंचनामाच झाला. वेग वाढेल तसं घूं वाढत गेलं आणि एका बाजूला वळताना बदललं, तर चाकाचं बेअरिंग. कोरड्या उन्हात कुईं आणि पावसात एकदम शांतता, तर कुठलं तरी रबर सुकलंय.

काकूंचा मिक्सर गेली दोन वर्षं यातले तीन आवाज काढतो. त्याकडे काकांचं लक्ष गेलेलं नाही.

प्रश्नोत्तरं झाली की काका पुढच्या सीटवर बसतात, काच खाली करतात, रेडिओ आणि एसी बंद करायला लावतात आणि "चल" म्हणतात. मोटार कंपन्यांकडे चाचणीसाठी खास रस्ते बांधलेले असतात. अहिल्यानगर जिल्ह्यात वाहन संशोधनाच्या व्हीआरडीई या संस्थेचा असा मार्ग आहे. काकांना तेवढ्या लांब जायची गरज नाही. त्यांच्या मते मिरा-भाईंदर हा सगळाच चाचणीचा मार्ग आहे, फक्त वर माणसं राहतात.

पहिला टप्पा सोसायटीच्या गेटसमोरचे पेव्हर ब्लॉक. वेग दहाचा. यात लिंक रॉड आणि स्टिअरिंग रॅक बोलतात. रॅकची खडखड कानाआधी तळव्यांना कळते. दुसरा टप्पा गतिरोधक. तो काका दोनदा ओलांडायला लावतात. एकदा सरळ, दोन्ही चाकं एकदम चढवून. आणि एकदा तिरकं, आधी एक चाक आणि मग दुसरं. मागच्या रिक्षावाल्याला हे वेडसरपणाचं वाटतं, तो तसं म्हणतोही. पण यामागे पक्कं गणित आहे. दोन्ही चाकं एकदम उचलली गेली तर त्या दोघांना जोडणाऱ्या स्टॅबिलायझर बारला पीळ पडत नाही, म्हणून लिंक रॉड गप्प राहतो. एकच चाक उचललं गेलं की बार पिळवटतो आणि झिजलेला लिंक रॉड लगेच तोंड उघडतो. सरळ जाताना शांतता आणि तिरकं जाताना खडखड, म्हणजे निकाल लागला.

तिसऱ्या टप्प्यासाठी काशिमिऱ्याहून हायवेला लागायचं, साठच्या वेगाने बेअरिंगचं घूं ऐकायचं आणि वर्सोव्याच्या पुलापर्यंत जायचं. खाडीवरच्या पुलाचे सांधे काकांना फार प्रिय. खड्डा रोज आकार बदलतो. सांधा रोज तोच. तोच ठोका, त्याच जागी, दोन्ही चाकांना. इतकं प्रामाणिक मापक महापालिका हद्दीत दुसरं नाही, असं ते सांगतात. वेळ असेल आणि गाडीत पेट्रोल दुसऱ्याचं असेल, तर चौथा टप्पा उत्तनचा: मुर्धा, राई, मोर्वा, डोंगरी, असे वळणावळणाने. तिथे गाडी किती झुलते ते बघतात आणि परत येताना ताजे बोंबील घेतात. यातला नेमका कोणता हेतू मुख्य होता, ते अद्याप ठरलेलं नाही.

काकांचा दुसरा जिव्हाळ्याचा विषय म्हणजे ढिलं स्टिअरिंग. त्यांच्या भाषेत "प्ले". इथे ते एकदम कायद्यावर येतात. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९, नियम ९८: स्टिअरिंगचा मोकळा खेळ ३० अंशांपेक्षा जास्त असता कामा नये, आणि स्टिअरिंगच्या जोडण्यांतल्या बॉल जॉइंटवर रबरी टोप्या असल्याच पाहिजेत. हा नियम काकांनी सोसायटीच्या वार्षिक सभेत, पार्किंगचं भाडं या विषयावर चर्चा चालू असताना, उभं राहून सांगितलेला असतो. ३० अंश म्हणजे घड्याळात बारा ते एक एवढं अंतर. हल्लीच्या छोट्या गाड्यांच्या पुस्तिकांत स्टिअरिंगच्या कडेला साधारण ३० मिलिमीटरपर्यंतचा खेळ चालतो असं म्हटलेलं असतं, म्हणजे हिशोबाने नऊ-दहा अंश. तेव्हा कायदा उदार, कंपनी मध्यम आणि काका कडक. ते दोन बोटांनी स्टिअरिंग हलवतात, चाक हलायच्या आधी बोटं किती सरकली ते बघतात आणि चेहरा पाडतात.

या प्लेच्या ओढीमागे इतिहास आहे. काकांच्या पिढीने प्रीमिअर पद्मिनी चालवली किंवा निदान तिच्यात बसून प्रवास केला. तिला हल्लीसारखा रॅक नव्हता, स्टिअरिंगचा वेगळा गिअरबॉक्स होता, आणि जुन्या काळीपिवळीचे ड्रायव्हर सरळ रस्त्यावरही स्टिअरिंग सतत डावीउजवीकडे हलवत बसायचे. परक्याला वाटे, माणूस अस्वस्थ आहे. प्रत्यक्षात तो मधली पोकळी शोधत असे. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत संपली, त्या दिवशी काका जेवले नाहीत असं काकू सांगतात. (काका म्हणतात, ॲसिडिटी होती.) त्याआधी १४ डिसेंबर १९८३ ला मारुती ८०० आली आणि रॅक-पिनियन नि मॅकफर्सन स्ट्रट घरोघरी पोचले. अर्ल मॅकफर्सन हा अमेरिकन इंजिनिअर. शॉकअप, स्प्रिंग आणि चाकाचा वरचा आधार या तिन्हींचं काम त्याने एकाच उभ्या दांड्यावर सोपवलं, आणि १९५० च्या सुमारास फोर्डने इंग्लंडमधल्या कॉन्सल गाडीत तो दांडा बसवला. आज मिरा रोडच्या पार्किंगमधल्या जवळजवळ प्रत्येक छोट्या गाडीच्या पुढे तोच आहे. काका त्याचा उल्लेख "आपला मॅकफर्सन" असा करतात. तो शांती नगरात दुसऱ्या मजल्यावर राहायचा असा ऐकणाऱ्याचा समज होतो.

आता कसोटी. गाडी जॅकवर घेऊन खाली स्टँड लावल्याशिवाय काका हात लावत नाहीत, ही त्यांची शिस्त सोसायटीतल्या सर्वांनी उचलण्यासारखी आहे. मग चाक तीन आणि नऊच्या जागी धरून हलवायचं: खेळ लागला तर चाक वळवणारे टाय रॉड एंड किंवा रॅक एंड. बारा आणि सहाच्या जागी धरून हलवायचं: खेळ लागला तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग. मग एकाला ब्रेक दाबून बसवायचं आणि पुन्हा हलवायचं. खेळ गायब झाला तर बेअरिंग, राहिला तर बॉल जॉइंट. बॉल जॉइंट म्हणजे माणसाच्या खांद्याचा सांधा: वाटीत गोळा, भोवती वंगण, वर रबराची टोपी. टोपी फाटली की पावसाचं पाणी आत जातं, ग्रीस धुऊन निघतं, आणि मिरा-भाईंदरच्या एका पावसाळ्यात गोळ्याला गंज चढतो. नियम ९८ ने टोपी सक्तीची केली ती शोभेसाठी नव्हे, हे काका इथे पुन्हा सांगतात.

यानंतर गाडी खाली घेऊन चाकं जमिनीवर, इंजिन बंद, आणि घरातल्या कुणाला तरी स्टिअरिंगवर बसवून थोडं थोडं डावीउजवीकडे हलवायला लावायचं. काका गाडीखाली हात घालून एकेक सांधा चाचपतात. जिथे एक भाग हलतो आणि त्याला जोडलेला दुसरा उशिरा हलतो, तिथे बोट थांबतं. ही सर्वांत भरवशाची परीक्षा. स्टिअरिंगवर बहुधा शाळकरी मुलगा बसवला जातो, आणि तो दोन मिनिटांनी हॉर्न वाजवतो.

गॅरेजवाल्याशी काकांचं नातं सासू-जावयासारखं नाही. ते त्याहून गुंतागुंतीचं. काशिमिऱ्याच्या गॅरेजमध्ये काका शिरले की मिस्त्री "आओ अंकल" म्हणतो आणि मनातल्या मनात अर्धा दिवस गेल्याचं लिहून टाकतो. पण अंकल कामाच्या मुद्द्यावर भांडतात. गाडी लिफ्टवर घेतली की चाकं लोंबकळतात, सांध्यांवरचा भार बदलतो आणि रस्त्यावर बोंबलणारा लिंक रॉड तिथे मुका होतो. मिस्त्री म्हणतो, "कुछ नहीं है." मालकाला वाटतं, आपल्यालाच भास होतोय. काका म्हणतात, गाडी चाकांवर उभी करून तपास. तसंच लोअर आर्मचं. नवा आर्म लावून हवेतच नटबोल्ट पूर्ण आवळला, तर गाडी खाली येताच रबरी बुशला कायमचा पीळ बसतो आणि ते लवकर फाटतं. "पहले गाडी नीचे ले, वजन आने दे, फिर टाइट कर." हे वाक्य काकांनी त्या गॅरेजमध्ये इतक्या वेळा म्हटलंय की तिथला पोऱ्याही ते काकांच्या आवाजात म्हणून दाखवतो. म्हणून दाखवतो, पण आवळतो हवेतच.

सर्वांत मोठं भांडण रॅकवरून. खडखड येते म्हटल्यावर काही मिस्त्री रॅकचा ॲडजस्टर अर्धा पेच आवळून देतात. आवाज जातो, मालक खूश, बिल किरकोळ. आणि दुसऱ्या दिवशी कळतं की वळण घेतल्यावर स्टिअरिंग आपोआप सरळ होत नाही. उलट टोकाचा मिस्त्री थेट "पूरा रॅक बदलना पडेगा" म्हणतो. काकांचा सगळा शहाणपणा या दोघांच्या मधला आहे, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही: स्वस्तापासून महागाकडे जा. आधी चाकांचे नट, टायरची हवा. मग लिंक रॉड आणि बारची रबरं. मग टाय रॉड एंड, मग बुश, बॉल जॉइंट, माउंटिंग. शॉकअप त्यानंतर, तेही ऑइल गळत असेल तर. रॅक सर्वांत शेवटी. आणि टाय रॉडला हात लावला की व्हील अलाइनमेंट केल्याशिवाय गाडी घ्यायची नाही, नाहीतर नवे टायर महिन्या-दोन महिन्यांत एका कडेने खाल्ले जातात.

काका चुकतात का? चुकतात, आणि तेव्हा ते बघण्यासारखे असतात. लोअर आर्म म्हणून ठामपणे सांगितलेला आवाज सीटखालच्या जॅकचा निघतो. शॉकअप म्हणून सांगितलेला नंबर प्लेटच्या निखळलेल्या स्क्रूचा. एकदा दारातल्या कप्प्यातली स्टीलची पाण्याची बाटली बाहेर काढताच "बॉल जॉइंट" बरा झालेला या शहराने पाहिला आहे. अशा वेळी काका चूक मान्य करत नाहीत. "आत्ता बाटलीचा होता," ते म्हणतात, "पण जॉइंटचा पण येणारच." आणि खरं सांगायचं तर आपल्या रस्त्यांवर हे भविष्य सहसा खोटं ठरत नाही.

नवा काळ काकांना मानवत नाही. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणी गाडीच्या आवाजाची क्लिप टाकली, तर ते ती ऐकतच नाहीत. फोनच्या माइकमध्ये वाऱ्याचा आवाज जास्त आणि गाडीचा कमी, हा त्यांचा आक्षेप रास्त आहे. विजेच्या मदतीने वळणाऱ्या स्टिअरिंगने एक जास्तीचा ताप दिला: काही गाड्यांत खट् चाकाकडून न येता डॅशबोर्डखालच्या कॉलममधून येतो, आणि माणसं उगीच पुढचं सगळं सस्पेन्शन बदलून बसतात. पण इलेक्ट्रिक गाड्या आल्या तसे काका पुन्हा तरतरीत झाले. इंजिनाची घरघर नाही, त्यामुळे खालचा बारीकसारीक आवाजही लख्ख ऐकू येतो. पंधरा-वीस लाखांची गाडी घेतलेला माणूस आठवड्याभरात काकांच्या दारात उभा असतो.

काकांची स्वतःची गाडी? आहे. एमएच ०४, कव्हरखाली, खांबाला लागून. ती महिन्यातून एकदा सुरू होते, दोन फूट पुढे जाते, दोन फूट मागे येते. चालवली की त्यांना तिच्यातलं सगळं ऐकू येतं, आणि ते सहन होत नाही. म्हणून काका सगळीकडे रिक्षाने जातात, आणि उतरताना ड्रायव्हरला सांगतात, "पुढच्या फोर्कचा कोन सेट ढिला झालाय रे, बघून घे."

वाचकहो, तुमच्या गाडीतून आवाज येत असेल तर रविवारी काकांना जरूर गाठा. सीटखालचा जॅक आणि दारातली बाटली आधी काढून ठेवा म्हणजे त्यांची इभ्रत राहील. पण त्यांनी चाक हलवून बॉल जॉइंटमध्ये किंवा टाय रॉड एंडमध्ये खेळ आहे असं सांगितलं, तर "पुढच्या पगाराला करू" म्हणू नका. लिंक रॉड वर्षभर वाजला तरी फक्त वाजतो. बॉल जॉइंट निसटला तर चालत्या गाडीचं चाक आडवं होतं आणि गाडी स्टिअरिंगला जुमानत नाही. तो भाग बदलून होईपर्यंत गाडी घोडबंदरच्या घाटात किंवा हायवेवर नेऊ नका.